की-बोर्डची पहिली इयत्ता

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात भिवापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही तपशील वाढवला आहे.)

— एक सहायक शिक्षक, बी.ए., बी.एड.

 

'नवशिक्या विद्यार्थ्याने की-बोर्ड कसा शिकावा' हा विषय मला देण्यात आला आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करतो. मी संगीताचा शिक्षक नाही. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत या वाद्यावर सा कुठे असतो हेही मला माहीत नव्हते. आज मी सदतीस वर्षांचा आहे, म्हणजे या विद्येत माझी तिसरी इयत्ता चालू आहे. तेव्हा हे कोणा उस्तादाचे भाषण समजू नका. तुमच्या दोन बाके पुढे बसलेल्या विद्यार्थ्याचे हे बोलणे आहे, असे समजा.

आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला एक की-बोर्ड भेट दिला होता. आम्ही त्याचा सत्कार केला, फोटो काढला आणि वाद्य कपाटावर ठेवून दिले. शिकवणारे कोणी नव्हते. दोन वर्षे ते खोक्यातच होते. एका पावसाळ्यात वर्गाचे छप्पर गळू लागले, तेव्हा खोके खाली काढावे लागले. वाद्य भिजले तर नाही ना, हे पाहण्यासाठी मी ते टेबलावर ठेवून सुरू केले. आवाज ऐकताच मधल्या सुट्टीतली पोरे खिडकीला लोंबकळली. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, तुम्हाला येते का?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "मग आपण सोबतच शिकू." त्या मुलाची गोष्ट पुढे सांगणार आहे. हे भाषण मुख्यतः त्याच्याचसाठी आहे.

शिकायचे तर शिकवणारा हवा. आपल्या गावात भजन मंडळासोबत पेटी वाजवणारे एक वयस्क शेतकरी आहेत. लहानथोर सारे त्यांना काकाजी म्हणतात. मी की-बोर्ड घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "मी पेटीवाला माणूस, सर. हे लाइटवालं मले नाही समजत." मी वाद्य सुरू करून समोर ठेवले. त्यांनी एक पट्टी दाबली, डोळे मिटून थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "सूर तर तोच हाय. फक्त भाता नाही."

मित्रहो, दीडशे वर्षांचा इतिहास काकाजींनी एका वाक्यात सांगितला. हार्मोनियमचे पेटंट पॅरिस येथे अलेक्झांडर दबें याने १८४२ साली घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायाने भाता हलवून वाजवायचे होते. आपल्याकडे गवई जमिनीवर बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता हलवायची पेटी तयार केली आणि हे परदेशी वाद्य आपल्या सतरंजीवर आले. तेथून ते नाटकात, कीर्तनात, भजनात आणि कव्वालीत पोहोचले. नागपूरला उमरेड रोडवर ताजाबादेत उर्साच्या दिवसांत आपण कव्वाली ऐकली असेल. आपल्याच गावातले भजनही आपण ऐकले आहे. शब्द वेगळे, पण पेटी तीच. आपल्या पूर्वेला झाडीपट्टीत दिवाळी झाली की रात्र-रात्र नाटके चालतात. वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचे माहेर. तेथेही गाण्याला ऑर्गन आणि तबल्याची साथ लागतेच.

पुढे १९८० साली जपानच्या कॅसिओ कंपनीने आपला पहिला विजेवरचा की-बोर्ड बाजारात आणला. ते नाव आपल्याकडे इतके रुळले की आजही अनेक जण कोणत्याही कंपनीच्या की-बोर्डला 'कॅसिओ' म्हणतात. भाता गेल्यामुळे एक मोठा फरक पडला. पेटी वाजवताना डावा हात भात्यात गुंतलेला असतो. की-बोर्डवर तो मोकळा झाला. नवशिक्याला प्रश्न पडतो, की या मोकळ्या हाताचे करायचे काय? त्याचे उत्तर पुढे येईल.

मी मुलांना शिकवणार असे कळल्यावर पालकांनी मला तीन प्रश्न विचारले. तुमच्याही मनात ते असतील, म्हणून त्यांची उत्तरे आधी देतो.

पहिला प्रश्न अभ्यासाचा. दररोज पंधरा मिनिटे, याहून अधिक वेळ मी मागत नाही. मोबाइलवर जाणाऱ्या वेळातून तेवढी काढता येतात.

दुसरा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. वाद्य वाजवावे की नाही, याबद्दल आपल्या समाजात मतभेद आहेत. त्यावर निर्णय देण्याचा मला अधिकार नाही आणि तेवढे ज्ञानही माझ्याजवळ नाही. मी दोन पथ्ये पाळतो. पालकांच्या लेखी संमतीशिवाय एकाही मुलाला बसवत नाही, आणि ज्याच्या घरी हे नको असते त्याला वर्गात कोणी कमी लेखणार नाही याची काळजी घेतो. मात्र इतिहासाचा शिक्षक म्हणून काही नावे मुलांना माहीत असावीत असे मला वाटते. शाळेत अक्षरे शिकवतात तसे क्रमाने संगीत शिकवावे, यासाठी बडोद्यात १८८६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने संगीतशाळा उघडणारे मौलाबक्ष होते. स्वर कागदावर लिहिण्याची पद्धत त्यांनी तयार केली. मिरजेत राहून गाणे वाढवणारे अब्दुल करीम खाँ होते आणि कोल्हापूरचे अल्लादिया खाँ होते. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते. आणि पेटीवर ज्यांची बोटे ऐकायला लोक गर्दी करत ते गोविंदराव टेंबे अल्लादिया खाँसाहेबांना गुरुस्थानी मानत. पुढे त्यांनी खाँसाहेबांचे चरित्र मराठीत लिहिले. मराठी मुलखात संगीताचे घर सर्वांनी मिळून बांधले आहे. त्यात आपल्याही विटा आहेत.

तिसरा प्रश्न असा, की याचा उपयोग काय? संगीतकार नौशाद हे लखनौचे. लहानपणी ते तेथे पेट्या दुरुस्त करत. घरातून कडवा विरोध होता. ते १९३७ साली मुंबईला आले. स्वतः नौशाद एक किस्सा सांगत, की लग्न ठरले तेव्हा सासरी मुलगा शिंपीकाम करतो असे सांगितले होते आणि वरातीत बँडवाले मात्र त्यांच्याच 'रतन' चित्रपटाची गाणी वाजवत होते. आपल्याच गाण्यावर मान खाली घालून त्यांना बसावे लागले. दुसरे उदाहरण ए. आर. रहमान यांचे. नऊ वर्षांचे असताना वडील वारले, तेव्हा वडिलांची वाद्ये भाड्याने देऊन घर चालले. शाळकरी वयातच ते वाद्यवृंदात की-बोर्ड वाजवू लागले. २००९ साली त्यांना दोन ऑस्कर मिळाली. परंतु पालकहो, ही नावे ऐकून आपल्या मुलाकडून तशी अपेक्षा धरू नका. लाखात एखादा तेथे पोहोचतो. उरलेल्या सर्वांना या वाद्यापासून जे मिळते ते अधिक साधे आहे. न जमणारी गोष्ट रोज थोडी थोडी केली की जमू लागते, हे मुलाच्या बोटांना कळते. एकदा बोटांना कळले की गणितालाही ते उपयोगी पडते.

आता माझी चूक सांगतो.

आम्ही आठ मुलांनी आणि मी ऑगस्टमध्ये सुरुवात केली. काकाजी शनिवारी येत. ते सांगत, "सर, तुम्ही पट्टीकडं पाहून राहिले. पट्टी कुठं पळून जाते? सूर आयका." मला धीर नव्हता. जानेवारीत स्नेहसंमेलन होते आणि मुख्याध्यापकांना मी शब्द दिला होता, की आमची मुले 'सारे जहाँ से अच्छा' वाजवतील. इक्बालांचे हे गीत १९०४ सालचे, आणि आज आपण म्हणतो ती चाल पंडित रविशंकर यांची. मी एक सोपी युक्ती काढली. कागदाचे बारीक तुकडे करून त्यांवर सा, रे, ग, म लिहिले आणि पट्ट्यांवर चिकटवले. वहीतली अक्षरे आणि पट्टीवरची अक्षरे जुळवत मुले भराभर वाजवू लागली. सर्वांत चांगले त्या सातवीतल्या मुलाचे बसले. मी खूश झालो. काकाजी काही बोलले नाहीत. आज वाटते, त्यांच्या न बोलण्याकडे मी लक्ष द्यायला हवे होते.

संमेलनाच्या दिवशी सकाळी वाद्य स्वच्छ दिसावे म्हणून मुलींनी ते ओल्या फडक्याने पुसून काढले. चिठ्ठ्या निघाल्या. कोणाच्या लक्षात आले नाही. रात्री पडदा उघडला. समोर सगळे गाव. मुलाने पट्ट्यांकडे पाहिले तर सगळ्या कोऱ्या. त्याला सा सापडेना. भीत भीत त्याने एक पट्टी दाबली ती चुकीची होती, दुसरी दाबली तीही चुकीची. मी बाजूने खुणा करत होतो, त्यामुळे तो आणखीच गोंधळला. मागून कोणीतरी हसले. मग सगळेच हसले. मूल उठून गेले.

त्यानंतर तो की-बोर्डच्या वर्गात आला नाही. मधल्या सुट्टीत मी दिसलो की वाट बदलू लागला. मी स्वतःची समजूत घातली, की मुलाला आवडच नसेल. शिक्षकाला स्वतःची चूक झाकायला 'आवड नाही' हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

मार्चमध्ये त्याची आई शाळेत आली. मिरचीच्या हंगामात ती सातऱ्यावर जाते. भिवापूरच्या मिरचीला आता भौगोलिक मानांकन आहे, तिचे नाव दूरवर गेले आहे. पण त्या मिरचीचे देठ तोडणारे हात आपल्याच घरातल्या बायकांचे असतात, हे आपण विसरतो. तिची तक्रार साधी होती. मुलगा रात्री ओट्याच्या काठावर बोटे आपटत बसतो, विचारले तर काही सांगत नाही. त्याला काय झाले आहे? मी सर्व हकीकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग ती बोलली, ते मी आजवर विसरलो नाही. सातऱ्यावर पहिल्या हंगामात तिच्या हातांची रात्रभर आग होई. बाकीच्या बायकांच्या निम्मेही काम होत नसे, आणि मजुरी तर किलोवर. "पण सर, शेजारच्या बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी गेलेच नसते." आता तिचे हात बोलता बोलता, न पाहता चालतात.

मित्रहो, बी.एड.ला मी अध्ययनाचे मानसशास्त्र शिकलो होतो. पण पाहिल्याशिवाय बोट चालायला किती काळ लागतो आणि त्या काळात माणसाला कशाची गरज असते, हे मला त्या दिवशी समजले. दुसऱ्या दिवशी मी मुलाला बोलावले आणि म्हणालो, "चूक माझी होती. मी तुला वाजवायला शिकवले, सा शोधायला शिकवले नाही." तो काही बोलला नाही. पण शनिवारी काकाजींच्या शेजारी येऊन बसला.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी काकाजींच्या पद्धतीने. तीच पद्धत तुम्हाला सांगतो.

पहिला धडा काळ्या पट्ट्यांचा. की-बोर्डकडे नीट पाहा. काळ्या पट्ट्या सारख्या अंतरावर नाहीत. दोन, मग तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन अशा त्या गटाने बसल्या आहेत. दोनच्या गटाला लागून डावीकडे जी पांढरी पट्टी आहे ती 'पांढरी एक'. नवशिक्याने तिला आपला सा मानावे. डोळे मिटा, बोटांनी दोनचा गट चाचपा आणि सा दाबा. ६१ पट्ट्यांच्या वाद्यावर असे दोनचे पाच गट आहेत. पाचही सा डोळे मिटून सापडू लागले की पहिला धडा झाला. मग चिठ्ठ्या निघाल्या काय आणि दिवे गेले काय, तुमचा सा कोणी नेऊ शकत नाही.

सापासून उजवीकडे ओळीने सात पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की सा, रे, ग, म, प, ध, नी हे सात शुद्ध स्वर होतात. मधल्या पाच काळ्या पट्ट्यांवर अनुक्रमे कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नी. असे एकूण बारा स्वर. एवढेच सर्व भांडवल आहे. भजन, कव्वाली, लावणी आणि सिनेमाचे गाणे, सारे याच बारा स्वरांत बसवले जाते.

दुसरा धडा बोटांचा. बहुतेक नवशिके एकाच तर्जनीने टोचत टोचत वाजवतात. तसे करू नका. तळहातात लिंबू धरल्यासारखी बोटे वाकवा, मनगट लोंबू देऊ नका, कोपर पट्ट्यांच्या उंचीला ठेवा. उजव्या हाताचा अंगठा सा वर, तर्जनी रे वर, मधले बोट ग वर. आता म साठी अनामिका वापरायची नाही. अंगठा मधल्या बोटाखालून सरकवून म वर आणायचा. मग तर्जनी प, मधले बोट ध, अनामिका नी आणि करंगळी वरचा सा. उतरताना करंगळीपासून अंगठ्यापर्यंत या, म्हणजे म आला. तेथून मधले बोट अंगठ्यावरून ओलांडून ग वर ठेवा. बोटे पाच आणि स्वर आठ, हे कोडे अंगठ्याच्या या एका सरकण्याने सुटते. पहिले पंधरा दिवस अंगठा अडखळेल. अडखळू द्या.

तिसरा धडा गळ्याचा. जी पट्टी दाबाल तिचा स्वर तोंडाने म्हणा. याला एक कारण आहे. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती १९७१ साली सैल झाली. तक्रार अशी होती, की पट्टीचे स्वर ठरावीक जागी खिळलेले असतात. गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, ती मींड पट्टीवर निघत नाही. तक्रार अगदीच खोटी नव्हती. उत्तम वादकांनी आपल्या बोटांनी तिला उत्तर दिले. नवशिक्याने गळ्याने द्यावे. जो गाऊन वाजवतो त्याचा कान तयार होतो, आणि कान तयार झाला की चुकीचे बोट त्याला स्वतःलाच टोचते. सरांनी सांगावे लागत नाही.

चौथा धडा लयीचा. की-बोर्डमध्ये तयार ठेके असतात. मुलांना त्यांचा मोह पडतो. बटन दाबले की बँड वाजतो आणि आपल्याला सर्व येते असे वाटू लागते. पहिले तीन महिने ते बटन बंद ठेवा. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहा. एका सेकंदाला एक स्वर, म्हणजे मिनिटाला साठ. या लयीत चूक न होता वाजले तरच पुढे जा. सूर वरखाली सरकवण्याचेही एक बटन असते, त्यालाही पहिले वर्षभर हात लावू नका. नाहीतर सा दाबाल आणि भलताच स्वर वाजेल.

पाचवा धडा मोकळ्या डाव्या हाताचा. उजवा हात सरळ चालू लागला की डाव्या हाताची करंगळी खालच्या सा वर आणि अंगठा प वर ठेवून दोन्ही स्वर दाबून धरा. तंबोऱ्यासारखा आधार मिळतो. सुरुवातीला उजवे बोट हलले की डावेही हलेल. सर्वांचे हलते. माझे अजून हलते.

आता रोजची पंधरा मिनिटे कशी घालवायची ते सांगतो. तीन मिनिटे सापासून सापर्यंत चढउतार, गाऊन. पाच मिनिटे पलटे, म्हणजे सा रे ग, रे ग म, ग म प असे पायरी-पायरीने. पाच मिनिटे एखाद्या गाण्याची एकच ओळ. शेवटची दोन मिनिटे डोळे मिटून सा शोधणे. आणि एक नियम कायम लक्षात ठेवा. चूक झाली की आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्यामुळे गाण्याचा आरंभ गुळगुळीत होतो आणि मधली जागा कच्चीच राहते. जेथे अडले तेथेच थांबा. अडलेले दोन-तीन स्वर संथपणे दहा वेळा वाजवा आणि मग त्याच्या मागची ओळ जोडा. पाठांतरालाही हाच नियम लावून पाहा.

पालकांसाठी चार शब्द. वाद्य घ्यायचेच असेल तर ६१ पट्ट्यांचे, पूर्ण रुंदीच्या पट्ट्यांचे घ्या. बोट हलके दाबले तर आवाज हलका आणि जोराने दाबले तर मोठा, अशी सोय असेल तर उत्तम. खेळण्यातले अरुंद पट्ट्यांचे वाद्य घेऊ नका, त्यावर बोटांना चुकीचे अंतर शिकायला मिळते. परवडत नसेल तर घेऊच नका, शाळेतले वाद्य पुरे आहे. आमच्या सातवीतल्या मुलाने ओट्याच्या काठावर जो रियाज केला, त्यापेक्षा मोठा रियाज मी पाहिलेला नाही. वाद्य घरी असेल तर अजानच्या वेळी आणि शेजारी कोणी आजारी असताना ते बंद असावे, ही सवय मुलाला लावा. कानाला लावायचे यंत्र मिळते, रात्री ते वापरता येते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घाई करू नका. पाहुणे आले की मुलाला बोलावून "जरा वाजवून दाखव" म्हणू नका. पहिलीचे मूल एकेक अक्षर जोडून वाचते तेव्हा आपण हसत नाही, कौतुकाने ऐकतो. तेच मूल थोडे मोठे होऊन नवी गोष्ट अडखळत करू लागले की मात्र आपल्याला हसू येते. एका हसण्याने एक मूल वाद्य सोडते. तसेच एका हसण्याने एखादे मूल फळ्याजवळ जाणे सोडते, एखादी मुलगी इंग्रजीत बोलणे सोडते, एखादा शाळाच सोडतो. आपल्या समाजात शाळा सुटलेल्या मुलांची कारणे आपण गरिबीत शोधतो, आणि ती तेथे आहेतच. पण काही कारणे आपल्या हसण्यातही आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक गोष्ट सांगायची आहे. तुमचा मित्र चुकतो तेव्हा मागच्या रांगेत पहिला हसणारा बहुधा तुमच्यापैकीच एक असतो. त्या रात्री कोण हसले हे मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचेही नाही. पुढच्या वेळी कोणी हसले, तर शेजारच्याने साथ देऊ नये. एवढे केले तरी पुष्कळ आहे.

तो मुलगा आता दहावीत आहे. या वर्षीच्या संमेलनात वाजवशील का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "अजून नाही, सर." पूर्वी मला या उत्तराचे वाईट वाटले असते. या वेळी आनंद झाला. आपल्याला किती येते आणि किती येत नाही हे ज्याला कळले, तो शिकू लागला असे समजावे. मात्र शनिवारी काकाजींना यायला उशीर झाला, तर सहावीच्या मुलांना तोच बसवून घेतो. त्यांना तो आधी डोळे मिटायला सांगतो आणि सा शोधायला लावतो. मुलांची बोटे भलतीकडे जातात, सगळे आवाज एकदम निघतात आणि वर्गात मोठा गलका होतो. तेव्हा तो हसत नाही. थांबतो.